घारापुरी बेटावरील खासगी मार्गदर्शकाची सहल : एक अभिप्राय

घारापुरीला जाणारे बहुतेक मुंबईकर गेटवेहून लाँच पकडतात, पायऱ्या चढून पहिले लेणे पाहतात, त्रिमूर्तीसमोर छायाचित्र काढतात आणि मक्याचे कणीस खात परतीच्या धक्क्यावर येतात. यापलीकडचे बेट पाहायचे असेल तर तिथलाच माणूस सोबत हवा, म्हणून आम्ही आमच्या कुटुंबापुरता बेटावर वाढलेला एक मार्गदर्शक ठरवला. त्याला दिलेले पैसे पुरेपूर सार्थकी लागले, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याची पहिली खुबी अशी की त्याने आम्हाला तडक त्रिमूर्तीपुढे नेले नाही. मुख्य लेण्यात उत्तरेकडून शिरणाऱ्याची नजर समोरच्या दक्षिण भिंतीतल्या त्रिमूर्तीवर खिळते आणि चार दारांचा, भव्य द्वारपालांनी वेढलेला लिंगाचा गाभारा बाजूला राहून जातो. त्याने आम्हाला पूर्वेच्या चौकात उभे केले. तिथून खांबांच्या रांगांमधून तोच गाभारा थेट समोर येतो आणि या लेण्याची रचना उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशा दोन दिशांवर बेतलेली आहे, हे कोणी न सांगताही उमगते. त्यानंतर सुमारे साडेपाच मीटर उंचीच्या त्रिमूर्तीपाशी आल्यावर त्याने ठामपणे सांगितले की हे ब्रह्मा, विष्णू, महेश नव्हेत. तिन्ही मुखे शिवाचीच आहेत. डावीकडच्या मुखाच्या मिशा, चढलेल्या भुवया आणि हातातला नाग, उजवीकडच्या मुखाची कोवळीक आणि हातातले कमळ, हे त्याने विजेरीच्या प्रकाशात एकेक करून दाखवले आणि मग मधल्या शांत मुखापुढे तो बराच वेळ काहीच बोलला नाही. इतका संयम मी फार थोड्या मार्गदर्शकांकडे पाहिला आहे.

कल्याणसुंदर, म्हणजे शिव-पार्वतीच्या विवाहाच्या, शिल्पापाशी माझी आई जागची हलेना. मान खाली घातलेली पार्वती आणि मागून तिला हलकेच पुढे करणारा तिचा पिता हिमवान पाहून ती म्हणाली, ‘‘अरे, हे तर आपल्याकडचंच कन्यादान आहे!’’ मार्गदर्शकाने ‘‘हो ना आजी’’ म्हणत उजवीकडे पौरोहित्य करणारा ब्रह्मदेवही दाखवला.

लेणी कोणी खोदली, या प्रश्नावर त्याने एकाच राजाचे नाव ठोकून दिले नाही. इथला शिलालेख पोर्तुगीज काळात काढून नेला गेला आणि हरवला. बेटावर कलचुरी घराण्यातल्या कृष्णराजाची नाणी सापडल्यामुळे आज बहुतेक अभ्यासक सहाव्या शतकाच्या मध्यातील कलचुरींकडे बोट दाखवतात, एवढेच त्याने सांगितले. मात्र मूर्तीचा प्रत्येक तुटलेला हात त्याने पोर्तुगीजांच्या खाती जमा केला, हे मला पटले नाही. खारी हवा आणि दगडात मुरणारे पाणी यांनीही या शिल्पांची मोठी झीज केली आहे, हे त्याने सांगायला हवे होते. बाकीची शैव लेणी त्याने भराभर उरकली, पण त्यांतली काही अर्धवटच राहिलेली असल्याने त्याबद्दल तक्रार नाही.

खरी मोलाची भर पडली ती गावांत. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन वस्त्यांपैकी राजबंदराजवळ पूर्वी दगडी हत्ती उभा होता, ज्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. तो हत्ती आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी आहे. पूर्वेकडच्या टेकडीवर बौद्ध स्तूप आहे, आणि तिथवरची चढण वयस्कर माणसांना झेपणारी नाही, हे त्याने आधीच बजावले. समुद्राखालून केबल टाकून बेटावर कायमची वीज आली ती २०१८ साली. त्याआधी संध्याकाळचे काही तास जनरेटर चाले. मुंबईचे दिवे रोज समोर दिसत असताना इतकी वर्षे काढणे म्हणजे काय, हे त्याने कसलाही गळा न काढता सांगितले. १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बेटावर माणसेही राहतात, ही जाणीव अशा बोलण्यातूनच होते.

जाणाऱ्यांनी सोमवार टाळावा, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात. पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही, म्हणून सकाळची पहिली लाँच धरावी. आम्ही उशिरा निघाल्याने मोराबंदर राहिलेच. मानधन आणि गावांत किती वेळ जायचे, हे दोन्ही आधीच ठरवून घ्यावे. माकडांसमोर हातात खाऊ धरू नये.