लहान अंगणात हीट पंपाचे बोअर: छोट्या रिगची सेवा कुठे उजवी, कुठे कच्ची

अंगण छोटं म्हणजे जमिनीतली उष्णता ओढून घर गरम करणारा हीट पंप विसरा, हा समज जमिनीत आडव्या पुरलेल्या पाइपांमुळे रुजला. आडवं जाळं घराच्या क्षेत्रफळाच्या दीड-दोन पट मोकळी जमीन मागतं. उभा बोअर मागत नाही. पट्ट्यांवर चालणारी छोटी रिग, म्हणजे बोअर मारायचं यंत्र, मीटर-दीड मीटरच्या बोळातून आत येते, कॉम्प्रेसर रस्त्यावरच राहतो आणि हवा नळीने आत जाते. इथवर या सेवेला पूर्ण गुण.

खरी परीक्षा पुढे आहे. 8 किलोवॅट उष्णता देणारा पंप, सीओपी 4 (1 युनिट विजेमागे 4 युनिट उष्णता), म्हणजे जमिनीतून 6 किलोवॅट उष्णता यायला हवी. साधारण खडकात मीटरमागे 50 वॅट धरले तर 120 मीटर बोअर लागतो. कोरड्या वाळूत 25 वॅट मिळणंही कठीण, म्हणजे लांबी दुप्पट. जमीन कसली आहे हे न विचारता दर सांगणाऱ्याला काम देऊ नये.

छोट्या रिगला खोल जाणं जड जातं, म्हणून ठेकेदार 60 मीटरचे दोन बोअर सुचवतात. दोघांत 5 ते 6 मीटर अंतर हवं. जागा नाही म्हणून ते 3 मीटरवर मारले, तर दोन्ही बोअर एकाच खडकातली उष्णता ओढतात. खडक दर हिवाळ्यात थोडा जास्त थंड होत जातो आणि वीजबिल काही वर्षांनी वाढू लागतं. अशा अंगणात एकच 120 मीटरचा बोअर केव्हाही बरा. ते जमत नसेल तर एकाच खड्ड्यातून तिरपे, खाली फाकत जाणारे बोअर मारता येतात. फक्त त्यांचं टोक शेजाऱ्याच्या हद्दीत जात नाही ना, हे आधी पाहावं.

पाण्याच्या बोअरला पाणी लागलं की काम फत्ते. इथे भोक पुन्हा नीट बुजवणं हेच काम आहे, आणि बहुतेक पथकं नेमकी तिथे घाई करतात. जमिनीतली उष्णता वर आणणारा यू-लूप, म्हणजे तळाशी वळून परत येणारा 40 मिलिमीटरचा प्लास्टिक पाइप (पीई100 प्रतीचा, एसडीआर 11 जाडीचा), पाणी भरून, तळाला वजन लावूनच सोडायचा, नाहीतर पाण्याने भरलेल्या बोअरमध्ये तो तरंगतो. सोबत ग्राउटची, म्हणजे भोक बुजवायच्या पातळ मिश्रणाची, नळी तळापर्यंत जायला हवी. भरणं खालून वर, तोंडाशी तेवढंच घट्ट ग्राउट येईपर्यंत. वरून ओतलं की मध्ये पोकळ्या राहतात. तिथे उष्णता अडते, शिवाय वरचं घाण पाणी खालच्या झऱ्यात उतरायला वाट मिळते.

मोजायला सोपं आहे: 130 मिलिमीटर व्यासाच्या 120 मीटर बोअरमध्ये लूप सोडल्यावर सुमारे 1300 लिटर जागा उरते. 900 लिटरमध्येच काम संपलं तर आत पोकळी आहे. 2000 लिटर गेलं तर ते भेगेत चाललंय. साध्या बेंटोनाइट चिकणमातीपेक्षा सिलिका वाळू किंवा ग्रॅफाइट मिसळलेलं ग्राउट घ्यावं. उष्णता दुपटीहून जास्त वाहते.

भूगर्भ अहवाल मात्र टाळू नये. जर्मनीतल्या श्टाउफेन गावात 2007 साली सुमारे 140 मीटरचे 7 बोअर मारले. पाणी ॲनहायड्राइट या खनिजाच्या थरात शिरलं, त्याचं जिप्सम होऊन थर फुगला आणि घरांना तडे गेले.

खडकाचा चुरा फुगून अडीच घनमीटरच्या आसपास निघतो. तो गाळ गटारात सोडू देऊ नये, गटार तुंबतं. निवळण टाकी आणि ट्रॉली करारातच लिहून घ्यावी.

शेवटी दाबचाचणी, मग हवा काढणं. प्रवाहमापकावर मिनिटाला 30 लिटर तरी दिसले पाहिजेत, कमी वेगात हवेचे बुडबुडे खाली ओढले जात नाहीत. लूपमध्ये सुमारे 200 लिटर मावतं. त्यात 25 टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल म्हणजे उणे 10 अंशांपर्यंत गोठण्यापासून बचाव. बोअरचं तोंड मातीखाली जाण्याआधी घराच्या दोन कोपऱ्यांपासूनची अंतरं मोजून नकाशावर लिहून घ्यावीत. ठेकेदाराचं शेवटचं बिल तो नकाशा हातात आल्यावरच द्यावं.