पाउचचं तोरण करायचंय: पंच घ्यावा, कटर की मशीन?

"काकू, ते हँडल फिरवून साच्याने आकार कापायचं डाय-कटिंग मशीन मागवूच का?" इंदूरच्या रामबागेत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी सूनबाई विचारत होती. हातात मुलाच्या वाढदिवसाला रिकाम्या झालेल्या ज्यूस-पाउचांची पिशवी. गणपतीच्या मखराला झालर, दाराला तोरण, जमलं तर चार छोटी पाकिटं, असा बेत. मी म्हटलं, "मशीन राहू दे, आधी एक पाउच धुऊन आण."

धुणं महत्त्वाचं. बुडाची शिवण कापून पाउच पूर्ण उघडा आणि साबणाच्या कोमट पाण्यात चोळून उताणा वाळवा. कोपऱ्यात आंब्याचा थेंब राहिला, तर तोरणावर फुलांआधी मुंग्या येतील.

आता हत्यारं. हाताने शुभेच्छा-कार्डं करणाऱ्यांकडे असतं ते सगळं सामान कागदासाठी बनलेलं, आणि पाउच कागद नाही. बहुतेक ज्यूस-पाउचांना बाहेरून छापील पॉलिएस्टर, मध्ये ॲल्युमिनियमचा पापुद्रा आणि आतून पॉलिथिलीन असतं. कागद पात्याखाली चटकन तुटतो, पाउच आधी ताणला जातो. सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात. (फ्रुटीचा चौकोनी डबा यात धरू नका. त्यात तीन चतुर्थांश पुठ्ठाच असतो, पंचाखाली तो कागदासारखाच वागतो. आणि दुधाच्या पिशव्या नुसत्या पॉलिथिलीनच्या, त्या रद्दीवाल्यालाच द्या.)

पंच म्हणजे दाबला की कागदातून फुलासारखा आकार कापून काढणारं हत्यार. त्यात नुसता पाउच घातला, तर कड फटीत ओढली जाते आणि अर्धवट कापलेलं फूल लोंबत राहतं. उपाय साधा आहे: खाली जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद ठेवा, चिकटवू नका, आणि दोन्ही एकदम दाबा. कड स्वच्छ येते. बोटाने दाबायच्या पंचापेक्षा लांब दांड्याचा घ्या, चाळीस फुलांनंतर अंगठा दुवा देईल. मात्र फार मोठ्या आकाराचा पंच घेऊ नका. उघडलेल्या पाउचची एक बाजू जेमतेम तळहाताएवढी, त्यात मोठं फूल एकच बसतं आणि उरलेलं सगळं कचऱ्यात जातं.

डाय-कटिंग मशीन याहून स्वच्छ कापतं, हे खोटं नाही. पोलादी धार पाउचला सरळ प्लेटवर दाबते, ताणायला जागाच देत नाही. पण ते काही हजारांचं, साचे वेगळे, प्लेट झिजली की तीही विकत. एका तोरणासाठी नको. शाळेत किंवा मैत्रिणीकडे आधीच असेल, तर जरूर वापरा.

झालरीच्या लांब पट्ट्यांना मात्र पंच, मशीन, दोन्ही निरुपयोगी. तिथे पोलादी पट्टी, कटिंग मॅट आणि टोक तोडता येणारा कटर. धार गेली की पाउच कापला न जाता चुरगळतो, म्हणून टोक वेळेवर तोडा, कंजुषी नको. कागदाचा सरकत्या पात्याचा ट्रिमर मला इथे कधीच पटला नाही, त्याखाली पाउच गोळा होतो. मुलं मदतीला असतील, तर त्यांना नागमोडी कात्री द्या. पाउचचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे कड जशी कापाल तशीच राहते.

खरी परीक्षा जोडताना. पांढऱ्या गोंदातलं पाणी कागदात मुरतं, म्हणून कागद चिकटतो. दोन पाउचांच्या मध्ये ते पाणी जाणार कुठे? गेल्या वर्षी मी रात्री चिकटवलेली झालर सकाळी मखराखाली गोळा झालेली होती. गरम गोंदाची बंदूक चालते, पण आतलं पॉलिथिलीन 110 अंशांच्या आसपासच वितळतं आणि गोंद त्याहून गरम असतो, त्यामुळे सुरकुत्या पडतात. सजावटीपुरता दुहेरी टेप बरा.

पाकिटांसाठी मात्र माझं मत ठाम आहे: नमकीनवाले पुड्या बंद करायला वापरतात ते छोटं सीलिंग मशीन. पाउचच्या आतल्या बाजू समोरासमोर ठेवा, दोन-तीन सेकंद दाबा, पॉलिथिलीन एकमेकांत मिसळतं. गोंद नाही, वास नाही. बाहेरच्या बाजू अशा जुळणार नाहीत, कारण पॉलिएस्टर वितळायला साधारण 250 अंश लागतात. म्हणून शिवणीला अर्धा इंच जादा सोडूनच कापा. मशीन नसेल तर बटर पेपर ठेवून इस्त्रीचं टोक फिरवा, जमतं, फक्त शिवण थोडी वाकडी येते.

शिलाई मशीनवर करणार असाल, तर जीन्सची सुई, लांब टाका, आणि टाचण्यांऐवजी चिमटे, कारण इथे पडलेलं भोक बुजत नाही. दोरा ओवायच्या भोकात धातूची आयलेट, म्हणजे भोकाची कड फाटू न देणारं छोटं कडं, बसवा. फ्लेक्सचे बॅनर करणाऱ्यांकडे तिचं यंत्र असतं.

गोंद टाळण्याचं माझं आणखी एक कारण आहे. इंदुरात कचरा सहा प्रकारांत वेगळा द्यावा लागतो. कात्रणं प्लास्टिकच्या कप्प्यात जातात, पण कागदाला चिकटलेला पाउच हातात घेऊन गाडीपाशी उभं राहिलं की तो कुठे टाकायचा, हे आपल्यालाच सुचत नाही.

सूनबाईने शेवटी खजुरी बाजारातून लांब दांड्याचा एक पंच आणि कटिंग मॅट आणली. सीलिंग मशीन घेतलंच नाही. कोपऱ्यावरच्या नमकीनवाल्याने शेवेच्या पुड्यांमधून वेळ काढून तिची दहा पाकिटं दाबून दिली. बदल्यात अर्धा किलो लौंग शेव घ्यावी लागली, तेवढंच.