अंगणात जांभळा कोनफ्लॉवर की गेलार्डिया?

दोन्ही मूळचे अमेरिकेतले, सूर्यफुलाच्या कुळातले. कोनफ्लॉवरचं बी ओल्या रेतीत मिसळून ४ आठवडे फ्रीजमध्ये ठेवलं तर उगवण सुधारते. फूल मात्र बहुधा दुसऱ्या वर्षी. गेलार्डिया साधारण ३ महिन्यांत फुलतो.

खरी अडचण विदर्भातल्या काळ्या मातीची. पावसाळ्यात पाणी साचलं की कोनफ्लॉवर बुडाशी सडतो. काळं पडलेलं पान ओढताच अलगद हातात येतं. म्हणून वीतभर उंच वाफा, निम्मी माती, बाकी रेती नि कुजलेलं शेणखत, रोपांत ४५ सेंमी अंतर. मे महिन्यात दुपारची सावली द्याच. निचरा गेलार्डियालाही लागतो, पण तो गेला तर बी पुन्हा टाकता येतं.

दसऱ्याच्या हारांसाठी गेलार्डिया जूनमध्ये पेरा. वर्षभर धीर धरून तेच झाड पुढे जपायची हौस असेल तर कोनफ्लॉवर, तोही आधी दोनच रोपं.