पोयाच्या, म्हणजे डंख न मारणाऱ्या बारक्या मधमाश्यांच्या नावाखाली १८,४५० रुपये गेले. ठाणे-नवी मुंबईकरांनो, पेटी उघडून बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका

आधी हिशेब. दोन पेट्या, प्रत्येकी ६,८०० रुपये. 'स्टार्टर किट' २,४५०. घरपोच आणण्याचे ९००. 'सरकारी नोंदणी'चे १,५००. एकूण १८,४५० रुपये. त्यातले ७,००० आगाऊ यूपीआयने गेले. उरलेले ११,४५० पेट्या ठेवल्या त्याच दुपारी दिले, तेही दुसऱ्याच नावाच्या खात्यावर. दोन्ही पेट्यांत राणी नव्हती, अंडी नव्हती, अळ्या नव्हत्या. कोंडून आणलेल्या कामकरी माश्या होत्या, त्या एकेक करून मेल्या.

घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत गच्चीवर भाजीपाला करणाऱ्यांनी मिळून हे पैसे भरले होते. कुणी म्हणेल, माहिती नसताना कशाला पडलात यात. माहिती होती. सातेरी (पेटीत पाळतात ती आपली डंख मारणारी मधमाशी) आणि पोया यांतला फरक आम्हाला कळतो. पोयाची माशी जेमतेम ३-४ मिलिमीटरची, काळसर, डंख निकामी झालेला. चिडली तर केसांत शिरते, चावते, बस्स. लहान मुलं आणि म्हातारी माणसं वावरतात अशा इमारतीत हीच माशी ठेवता येते. ठाण्यात ती नवीनही नाही. जुन्या दगडी कंपाउंडच्या फटीत, मीटरच्या पेटीत, पोकळ खोडात तिची घरं असतात. बाहेर ये-जा करायची मेण-राळेची बारीक नळी दिसते, तेवढीच खूण. मधाच्या लोभाने घेतल्या असंही नाही. एका वसाहतीतून वर्षाला साधारण अर्धा किलो मध निघाला तरी चांगला, हे आम्हाला ठाऊक होतं. विकणारा 'पेटीमागे ५ किलो' म्हणाला तेव्हा आम्ही त्याला तोंडावर खोडलं होतं, आणि तो लगेच 'बरोबर, तुम्हाला माहितीये' असं म्हणून गप्प झाला. आता कळतं, तो आमची माहिती किती आहे ते मापत होता.

पैसे देण्याआधी झाकण उघडून दाखव म्हटलं. तो म्हणाला, 'प्रवासात कुप्या फुटतात, उघडलं की फोरिड माशी शिरते आणि अळ्या पडतात. ४५ दिवस हात लावू नका.' यातलं अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच ते पटलं. हलवताना मध आणि पराग साठवलेल्या मेण-राळेच्या कुप्या फुटतात. त्या वासावर फोरिड माशी येते, फटीतून अंडी घालते आणि तिच्या अळ्या दोन-तीन दिवसांत वसाहत सडवतात. हे ज्याला ठाऊक आहे तो झाकण उघडायला कचरतोच. अजाण माणूस हट्ट धरून बसला असता आणि वाचला असता. आम्हाला आमच्या माहितीनेच गप्प बसवलं, याचा संताप आजही जात नाही.

पण त्या दुपारी डोळ्यांसमोर काय काय होतं ते लिहितो, कारण तुमच्याही समोर हेच येईल.

पहिलं, वेळ. पेट्या भर दुपारी आल्या. पोयाची वसाहत हलवायची तर अंधार पडल्यावर, सगळ्या माश्या परत आल्या की तोंडाला बारीक जाळी लावून हलवतात. दुपारी हलवली तर निम्म्या माश्या जुन्या जागीच राहतात. वसाहत सांभाळणारा माणूस दिवसा पेटी उचलतच नाही.

दुसरं, नळी. खरी नळी तपकिरी ते काळी असते. तिची कड मऊ, चिकट, रोज नव्याने वाढवलेली असते, आणि तोंडाशी पहारेकरी माश्यांचं कडं बसलेलं असतं. बोट जवळ नेलं की त्या मागे सरतात आणि पुन्हा डोकावतात. या पेट्यांची नळी पिवळट, टणक, एकसारखी गुळगुळीत होती. नखाने टोकरली तर पापुद्रा निघाला. पहारेकरी एकही नाही. ते बघितलं होतं, एकाने बोलूनही दाखवलं होतं. 'नवीन बसवलीये, आठवड्यात त्या स्वतःची बांधतील' असं उत्तर आलं. खाली टेम्पो उभा, वॉचमन हॉर्न देत होता, लिफ्ट अडवल्याबद्दल दुसऱ्या मजल्यावरचे ओरडत होते. त्या घाईत ११,४५० गेले. त्या वेळी फक्त एवढं म्हणायचं होतं: संध्याकाळी येतो, तुझ्या जागेवर दाखव.

तिसरं, किट. २,४५० रुपयांत जाळीची टोपी, हातमोजे, स्मोकर (धूर सोडायचं भांडं) आणि मेणपत्रे, म्हणजे माश्यांनी पोळं बांधावं म्हणून षटकोन उमटवलेले मेणाचे पत्रे. पोयाला मेणपत्रा! पोया षटकोनी खणांची उभी पोळी बांधतच नाही. तिचा मध मेण-राळेच्या गोल कुप्यांत असतो, पिल्लं वेगळ्या पुंजक्यात. मेणपत्रा, राणीजाळी, मध काढायचं फिरतं यंत्र हे सगळं सातेरी आणि मेलिफेराचं (परदेशी मधमाशीचं) सामान. पोयाला धूरही लागत नाही. एक पातळ सुरी, चिकटपट्टी, मध ओढायला स्वच्छ सिरिंज आणि मुंग्यांसाठी ग्रीस, एवढ्यात काम होतं. कुणी पोयासोबत मेणपत्रा विकत असेल तर तिथूनच परत फिरा.

पुढचं तुम्हाला सांगायची गरज नाही. आधी फोन पटापट उचलले गेले, मग उशिरा, मग नंबर बंद. दरम्यान नळीजवळची ये-जा कमी होत गेली. सगळ्यात मोठी खूण होती पराग. पिल्लं वाढत असलेल्या पेटीत सकाळी परतणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांवर पिवळे-पांढरे गोळे दिसतात. आमच्याकडे समोर शेवगा आणि तुळस फुललेली, कुंपणावर आइसक्रीम वेल बहरलेला, आणि माश्यांचे पाय रिकामे. ज्या पेटीत पराग जात नाही तिथे खायला घालायला पिल्लंच नाहीत. कामकरी माशी काही आठवडे जगते. तेवढ्यात राणी नसेल तर पेटी संपते, आणि विकणाऱ्याचे '४५ दिवस' नेमके तेवढेच असतात.

शेवटचा फोन लागला तेव्हा तो म्हणाला, 'तुमच्या इमारतीत धूरफवारणी झाली, राणी उडून गेली.' दोन्ही खोटं. डासांच्या धुराने माश्या मरतात हे खरं, पण त्या एकदम मरतात, पेटीखाली खच पडतो. आमच्याकडे हळूहळू आटत गेल्या. आणि अंडी घालणाऱ्या पोयाच्या राणीचं पोट इतकं फुगलेलं असतं की तिला उडता येत नाही. सातेरीत जुनी राणी थवा घेऊन निघते. पोयात नवं घर आधी बांधलं जातं आणि तिकडे नवी, अजून न मीलन झालेली राणी जाते. जुनी मरेपर्यंत आहे तिथेच. 'राणी उडाली' असं पोया विकणारा म्हणाला की तो खोटं बोलतोय हे धरून चाला.

उघडल्यावर आत काय निघालं? तळाशी मेणाचा चोळामोळा, चोपडलेला मध, मेलेल्या माश्या आणि फोरिडच्या वळवळत्या अळ्या. पिल्लांचा एकही कोष नाही. हे करतात असं: भिंतीतल्या रानटी घराच्या नळीवर रिकामी पेटी टेकवायची, बाहेर पडणाऱ्या माश्या कोंडायच्या, तोंडाला मेणाची नळी चिकटवायची. मूळ वसाहतीचंही नुकसान, घेणाऱ्याचंही. तो 'येऊरच्या जंगलातल्या अस्सल माश्या' म्हणून सांगत होता. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून परवानगीशिवाय पोळं काय, काहीही उचलणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. अशा माणसाकडून घेऊ नका, मग पेटीत राणी असो वा नसो.

खरी वसाहत अशी ओळखा. झाकण उघडल्यावर मधोमध निदान संत्र्याएवढा पिल्लांचा पुंजका हवा. नवे कोष गडद तपकिरी, आत कोषस्थ पिल्लं असलेले जुने कोष फिकट बदामी. दोन्ही रंग दिसले तर अंडी घालणं चालू आहे. कडेला मधाच्या आणि परागाच्या वेगवेगळ्या कुप्या. राणी पटकन दिसत नाही, ती नाही दिसली तरी चालेल, पण ताजे गडद कोष नसतील तर पेटी घेऊ नका. विभाजन करून, म्हणजे एका वसाहतीचे दोन भाग करून दिलेली पेटी असेल तर पुंजक्याच्या कडेला इतरांपेक्षा मोठा असा राणीचा कोष दाखवायला सांगा. हे सगळं दोन-चार मिनिटांत उरकतं. लगेच झाकण लावून सगळ्या फटींवर चिकटपट्टी मारली की फोरिडची भीती राहत नाही. पेटीचं आतलं माप दीड ते दोन लिटर पुरे. मोठी पेटी म्हणजे जास्त मध, हेही विकणाऱ्यांचं खोटं. रिकामी जागा राळेने लिंपण्यातच वसाहत दमते.

आता सरकारी यंत्रणेबद्दल. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, 'माश्या विकत घेतल्या? कशाला?' दुसरा, 'मेल्या म्हणजे तुम्ही नीट ठेवल्या नसतील.' नळी, पराग, कोष, सगळे फोटो समोर धरले, कुणी पाहिले नाहीत. म्हणाले, दिवाणी बाब आहे. पैसे ऑनलाइन गेले म्हटल्यावर सायबरकडे बोट दाखवलं. तिथे सांगितलं, माल मिळालाय ना, मग ही सायबर फसवणूक नाही. परत पहिल्या टेबलावर. तिथे साध्या अर्जावर शिक्का मारून पाठवलं. बँकेत उत्तर मिळालं की पैसे तुम्हीच पाठवलेत, आम्ही काय करणार. शेतीच्या कचेरीत सांगितलं, मधमाश्या आमच्याकडे नाहीत. जिथे आहेत म्हणाले तिथे सांगितलं, आमच्या योजना सातेरीच्या, पोयाच्या नाहीत. शहरात राहणाऱ्या माणसाने माशी पाळावी म्हणून भाषणं होतात, बक्षिसं वाटली जातात, आणि त्याच माणसाला लुबाडलं की एकही टेबल त्याला आपलं म्हणत नाही. १८,४५० ही रक्कम त्यांना लहान वाटते. अशी शंभर घरं फोडली जातात तेव्हा ती लहान राहत नाही. आणि प्रत्येक कचेरीत आपल्याकडे असं बघतात जणू चोरी आपणच केलीये. तोंड लपवायची पाळी आमच्यावर आली, त्याच्यावर नाही.

तुम्ही मात्र असे परतू नका. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येते. ३१८(४) दखलपात्र आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. पोलीस ठाण्यात घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली लेखी तक्रार पोलीस उपायुक्तांकडे पाठवा, पोचपावती ठेवा. यूपीआयने पैसे गेले असतील तर कळल्या क्षणी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. पैसे खात्यातून काढले जाण्याआधी कळवलं तरच अडवता येतात, आमचे तोवर निघून गेले होते. ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आमची तिथे दाखल आहे.

१,५०० ची 'नोंदणी' निव्वळ लूट होती. राष्ट्रीय मधुमक्षिका मंडळाचं मधुक्रांती पोर्टल आहे, पाळणारा स्वतः तिथे अर्ज करतो. घरात दोन पेट्या ठेवायला मध्ये दलाल लागत नाही.

शिकायचं असेल तर पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, तिथल्या वर्गांची चौकशी करा. पेटी पावसाळ्यात अजिबात घेऊ नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर माशीला फारसं बाहेर पडता येत नाही, साठ्यावर जगते, आणि त्या काळात विकली जाणारी पेटी बहुधा मोडकळीला आलेली असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पेटीला पश्चिमेचं ऊन नको, पावसाची झड नको. स्टँडच्या पायांना ग्रीस, नाहीतर मुंग्या एका रात्रीत शिरतात. महापालिकेची धूरफवारणी कळली तर आदल्या रात्री तोंडाला जाळी लावा, धूर विरल्यावर काढा. आणि घाई नसेल तर विकत घेऊच नका: तुमच्याच मीटरच्या पेटीतल्या वसाहतीच्या नळीला पाइपने रिकामी पेटी जोडा, आत जुनं राळमेण चोळा, वाट बघा. महिने जातात, कधी वर्ष जातं. पेटीत ताजे कोष दिसेपर्यंत पाइप तोडू नका.

तो माणूस अजून विकतोय. नवा नंबर, नवं नाव, खारघर आणि नेरूळला घरपोच, दर आता ७,२०० रुपये. फोटो तोच: सागवानी रंगाची पेटी, झाकणाच्या डाव्या कोपऱ्यावर निळ्या रंगाचा ओघळ, पिवळट गुळगुळीत नळी. दिसला तर तारीख आणि नंबर येईल असा स्क्रीनशॉट घ्या आणि पैसे मागितलेलं खातं कुणाच्या नावावर आहे ते लिहून ठेवा. आयोगासमोर आम्हाला ते हवं आहे.