आईच्या जुन्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर खोलली : दिवाळी ते पावसाळा वापरल्यानंतर

हा क्लीनर 1980 च्या दशकातला. 1982 मध्ये युरेका फोर्ब्ज सुरू झाली आणि त्यांची माणसं घरोघरी येऊन गाद्यांतली धूळ काढून दाखवायची, त्या काळातला. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत त्याला जळकट वास यायला लागला. दुरुस्तीवाल्याने ‘भंगारात द्या’ म्हणून हात वर केले. शेवटी मीच मोटर खोलली. आता पाऊस सुरू झालाय आणि क्लीनर अजून ठणठणीत चालतोय.

या जुन्या यंत्रांत पिशवीतून गाळून आलेली हवाच मोटरमधून जाते आणि तिला थंड ठेवते. त्यामुळे कापडी पिशवीतून निसटलेली बारीक धूळ थेट आर्मेचरवर, म्हणजे मोटरच्या तारा गुंडाळलेल्या फिरत्या भागावर बसते, वर कार्बन ब्रशची (त्या भागाला वीज पोचवणाऱ्या, घासत राहणाऱ्या कार्बनच्या ठोकळ्यांची) काळी भुकटी. हे सगळं कोरड्या कुंचल्याने आणि ब्लोअरने निघतं. काम गॅलरीत करा, मास्क लावा, पाणी अजिबात नको. पंख्याचा नट जोर लावून फिरवण्याआधी आटे बघून घ्या, काही मोटरींना उलटे असतात.

खरा वेळ द्यायचा तो कम्युटेटरला, म्हणजे आर्मेचरच्या टोकाच्या, कार्बन ब्रश घासतात त्या तांब्याच्या गोल भागाला. तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचा कार्बनने बुजल्या की ठिणग्यांचं कडं फिरायला लागतं. त्या मी लाकडी टूथपिकने एकेक करून मोकळ्या केल्या. एमरी पेपर लावू नका. त्याचे कण खाचेत अडकून पट्ट्या शॉर्ट होऊ शकतात. अगदी बारीक काचकागद हलक्या हाताने पुरतो. आणि तांबं आरशासारखं चमकवायच्या फंदात पडू नका. त्यावरची एकसारखी चॉकलेटी छटा चांगलीच असते, ब्रश तिच्यावरून सुरळीत घसरतात.

नवे कार्बन ब्रश मुंबईच्या लोहार चाळीत मिळाले, बेअरिंग नागदेवी स्ट्रीटवर. माझ्या मोटरला 608 नंबरचं लागलं : आतून 8, बाहेरून 22, जाडी 7 मिलिमीटर. शाफ्टवर बसवताना दाब आतल्या कड्यावरच द्यायचा, नाहीतर नवं बेअरिंगही आवाज करतं. जोडणी झाल्यावर सिरीजमध्ये बल्ब लावून मोटर हळू फिरू दिली, म्हणजे ब्रशची टोकं कम्युटेटरच्या गोलाईला बसतात.

आता ब्रशखाली फक्त निळसर बारीक ठिणगी दिसते. वास पूर्ण गेला. आवाज मात्र मोठाच आहे, आणि बाहेर पडणाऱ्या हवेत थोडी धूळ येतेच. घरात दम्याचा रुग्ण असेल तर नवीन फिल्टरवालाच घ्या. आवाजाचा एक उपयोग आहे. पिशवी भरत आली की हवा कमी खेचली जाते, पंख्यावरचा भार उतरतो आणि मोटर जास्त वेगाने, चढ्या सुरात फिरते. तेव्हाच तिला थंड हवाही कमी मिळत असते. आता आईसुद्धा सूर चढला की लगेच बटण बंद करून पिशवी रिकामी करते.

वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) जळून काळं पडलं असेल तर या भानगडीत पडू नका, रिवाइंडिंगचा खर्च परवडत नाही. नुसती धूळ, ब्रश आणि बेअरिंगचा प्रश्न असेल, तर नक्की खोला.