क्रोनोग्राफ, आठ महिने वापरून: सगळं उजेडावर आहे

आठ महिने झाले क्रोनो (क्रोनोग्राफ, म्हणजे बंदुकीतून सुटलेल्या गोळीचा वेग मोजणारं यंत्र) वापरतोय, त्यातले पहिले दोन मी नुसता वैतागलेलो होतो. साधा ऑप्टिकल आहे, दोन सेन्सर एकमेकांपासून 30 सेंटिमीटरवर, वरून जाणाऱ्या पेलेटची (छऱ्याची) सावली ओळखून वेग काढतात. रडारवाला मुद्दाम नाही घेतला, 10 मीटरची एअर रायफल तपासायला एवढे पैसे घालणं मला पटतच नाही.

त्रास असा की घरात ट्यूबलाइटखाली शॉट मारला की 172, 171, 172 (मीटर प्रति सेकंद) आणि मधेच 243, नाहीतर सरळ एरर. सर्व्हिसवाल्याला तीनदा फोन केला, त्याचं एकच पालुपद, सेन्सर गेलाय, पाठवून द्या, कुरिअरचा खर्च तुमचा. नाही पाठवला. ढगाळ दिवशी बाहेर नेला तर 40 शॉटमध्ये एकही आकडा उडाला नाही! म्हणजे सेन्सर ठणठणीत. मेन्सवरचा दिवा सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो, आपल्याला कळत नाही पण सेन्सरला कळतं आणि तो त्यालाच पेलेटची सावली समजतो. मोबाईलचा कॅमेरा दिव्याकडे धरा, पट्टे सरकताना दिसले की त्या दिव्याखाली मारू नका. मी शेवटी पुठ्ठ्याचा खोका केला, आत वरच्या बाजूला 12 व्होल्टची एलईडी पट्टी, ती बॅटरीवर, आणि तिच्याखाली ट्रेसिंग पेपर म्हणजे उजेड सगळीकडे सारखा. डिमर अजिबात नको, तो परत लुकलुक सुरू करतो. एवढी एक ओळ मॅन्युअलमध्ये ठळक छापली असती तर माझे दोन महिने वाचले असते, याचा राग अजून आहे.

पेलेट तिरकी जाते का याची मात्र फार काळजी करू नका, 5 अंश तिरकी गेली तरी फरक 0.4 टक्के. क्रोनोच्या घडीची बिजागरी पूर्ण उघडलीय का ते बघा, सेन्सरमधलं अंतर 3 मिलिमीटर कमी राहिलं तर 1 टक्का स्पीड उगाच जास्त दिसतो. आणि रायफलच्या नळीच्या तोंडापासून मीटरभर लांब ठेवा, नाहीतर हवेच्या झोतानेच पहिला सेन्सर चालू होतो.

खोका झाल्यावरही एक आकडा खटकत होता. सकाळचा पहिला शॉट 181, मग 172, 172, 171. परत मशीनलाच शिव्या घातल्या. पण रोज पहिलाच शॉट कसा चुकेल? मधे अर्धा तास रायफल नुसती ठेवली, परत पहिला 178. दोष रायफलच्या रेग्युलेटरचा (प्रत्येक शॉटला हवेचं प्रेशर सारखं ठेवणारा भाग) होता, सील गळत होती, बसल्या बसल्या आतलं प्रेशर चढत होतं. 181 आणि 172 मध्ये 10 मीटरवर पेलेट लागते त्या उंचीत साधारण दीड मिलिमीटरचा फरक पडतो, आणि टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपकाच अर्धा मिलिमीटरचा! कित्येक महिने पहिला शॉट वर जातो म्हणून मी ट्रिगरवरच्या बोटाला दोष देत होतो, त्यासाठी केवढा सराव केला.

सील बदलली. दुसऱ्या दिवशी पहिला 173, दुसरा 172. क्रोनो तोच आहे, फक्त बॅटरी आता वेळेआधीच बदलतो, कारण ती उतरली की आकडे परत उडतात आणि स्क्रीन मात्र छान दिसत असते.