नोकरी सांभाळून लिहायचं की पूर्णवेळ लेखक व्हायचं?

मी दोन्ही करून पाहिलंय. सात वर्षं नोकरी सांभाळून लिहिलं, मग सव्वादोन वर्षं नुसतं लिहिलं. आता पुन्हा नोकरी करतो, एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

पूर्णवेळ लिहिण्याचे फायदे खरे आहेत. 'आज मूड नाही' ही सबब महिनाभरात संपते. संपादक ओळखू लागतात, कामं स्वतःहून चालत येतात. कादंबरीसारखं लांब पल्ल्याचं काम तर सलग दिवस मिळाल्याशिवाय पकड घेत नाही, निदान माझं तरी.

पण अख्खा दिवस लिहायला मिळेल ही माझी समजूत भाबडी निघाली. निम्मा वेळ इनव्हॉइस पाठवण्यात आणि 'मानधनाचं काय झालं?' हे चौथ्यांदा, तेही आवाजात चीड न येऊ देता, विचारण्यात जायचा. बरीच नियतकालिकं लेख स्वीकारल्यावर नव्हे, छापून आल्यावर पैसे देतात. पुस्तकाची रॉयल्टी बहुधा वर्षातून एकदा-दोनदा, आणि आगाऊ रक्कम घेतली असेल तर ती वळती होईपर्यंत तीही नाही.

हेही मी निभावून नेलं असतं. नडलं ते वेगळंच. मानधन शब्दांवर मिळायचं. एका लेखात रात्री मी 'पाऊस थांबला' असं लिहिलं होतं. धाडायच्या आधी पाहतो तर 'बऱ्याच वेळाने अखेर एकदाचा पाऊस थांबला'. दोनाचे सहा शब्द, आणि ते केले होते मीच, सकाळी चहा पिता पिता. मग जुने खर्डे काढले. नोकरीच्या काळातली पानं लाल रेघांनी भरलेली. नंतरच्या पानांवर खाडाखोड जवळजवळ नाहीच. आळस नव्हता तो. खोडलेला प्रत्येक शब्द खिशातून जात होता. दुसऱ्या कोणाला हे जाचणार नाही कदाचित. मला तेव्हापासून स्वतःचं लिखाण वाचवेना.

नोकरीवाल्यांची परंपराही काही कमी नाही. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप १८३४ मध्ये टपाल खात्यात लागला. पहाटे साडेपाचला घड्याळ समोर ठेवून बसायचा आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द काढायचा. राजीनामा दिला तो १८६७ मध्ये, चांगलं नाव झाल्यावर. (मला तासाभरात २५० झाले तरी दिवस सत्कारणी लागला असं वाटतं.)

मात्र नोकरी कसली, यावर बरंच अवलंबून. माझी पहिली नोकरी दिवसभर लिहिण्याचीच होती. संध्याकाळी स्वतःचं एक वाक्य सुचायचं नाही. आताची आकडेमोडीची आहे. कंटाळवाणी आहे, पण घरी येईपर्यंत शब्द ताजे राहतात.

तरी पूर्णवेळच उतरायचं असेल, तर सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, स्वामित्वहक्क कायमचे लिहून देण्याआधी करार दोनदा वाचा आणि मानधन लेखामागे ठरवून घ्या, शब्दामागे नको. मी हे शिकलो तोवर नोकरीचा अर्ज भरून झाला होता.